बकऱ्या बोकडाला दाखवण्याआधीचे दोन महिने: क्षार मिश्रण आणि जीवनसत्त्वं कशी द्यावीत

आपल्याकडे मिनरल मिक्श्चरची, म्हणजे क्षार मिश्रणाची, पिशवी घरी कधी येते? बकरी गाभडली, पिल्लू मेलं किंवा दूध आटलं की. तोवर उशीर झालेला असतो. नागपूर जिल्ह्यात मृगाच्या सरी पडून हिरवं फुटलं की बकऱ्या भराभर माजावर येतात. त्या वेळी बकरीच्या अंगात काय साठलेलं आहे, यावर गर्भ राहणार की नाही, एक राहणार की दोन, हे बरंचसं ठरतं. आणि जूनमधली बकरी म्हणजे एप्रिल-मे सोसून आलेली बकरी. डोक्यावर ४५ अंशांचं ऊन, समोर वाळलेलं कुटार, हिरवं पान दिसत नाही. म्हणून नवीन लोकांना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते: तयारी अक्षय तृतीयेच्या आसपास सुरू करा, पावसाची वाट बघू नका.

हिंगणा तालुक्यात आमच्या कोठ्यात आज २२ बकऱ्या आणि २ बोकड आहेत, बहुतेक बेरारी, थोड्या उस्मानाबादी. खाली जे लिहिलंय ते याच कोठ्यातून आणि डॉक्टरसाहेबांच्या मागे लागून शिकलेलं आहे.

पहिली पायरी: तारखा मागून मोजा

बकरीचा गाभणकाळ साधारण १५० दिवसांचा. १५ जूनला फळली तर १२ नोव्हेंबरच्या आसपास व्यायला येते. म्हणजे पिल्लं पावसाच्या चिखलातून वाचतात आणि उन्हाळा लागेपर्यंत चांगली हाताला येतात. आता उलटं मोजा. बोकडाचं बीज तयार व्हायला साधारण सात आठवडे लागतात, म्हणून बोकडाचा खुराक एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सुधारलेला हवा. बकऱ्यांचं क्षार मिश्रणही तेव्हाच सुरू करायचं. नवतपा (मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) संपता संपता जास्तीचा खुराक चालू झालेला हवा. या तीन तारखा कोठ्याच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवा, आम्ही तसंच करतो.

ज्यांच्या बकऱ्या पोळ्यानंतर, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळतात, त्यांना थोडी सवलत आहे. बकऱ्यांनी पावसाळाभर हिरवं खाल्लेलं असतं, त्यामुळे जीवनसत्त्व अ ची चिंता कमी. क्षारांचं मात्र तेच.

दुसरी पायरी: गव्हाणीत आज काय पडतंय ते लिहून काढा

आमच्या शेजारचे काकाजी आयुष्यभर बकऱ्या चारत आले. आम्ही पहिल्यांदा पावडर आणली तेव्हा ते म्हणाले, "आमच्या बकऱ्यांनी कधी पावडर नाही खाल्ली जी, तरी दोन-दोन पिल्लं देत होत्या." त्यांचं खरं होतं. त्यांच्या बकऱ्या दिवसभर झुडपांतून फिरायच्या. बोर, बाभूळ, हिवर, निंब, बांधावरचं कायकाय, प्रत्येकाचे दोन घास. वेगवेगळ्या झाडापाल्यातून वेगवेगळे क्षार पोटात जायचे. बांधून पाळलेल्या बकरीला ही निवड नाही. तुम्ही टाकाल तेच ती खाणार. म्हणून आधी यादी करा.

तुरीचं आणि हरभऱ्याचं कुटार: यात कॅल्शियम बऱ्यापैकी, पण महिनोन्‌महिने वाळून पडलेल्या कुटारात जीवनसत्त्व अ जवळपास काहीच उरत नाही. गव्हाचा कोंडा: फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम अगदी कमी. मक्याचा भरडा: ताकद देतो, क्षार फारसे नाहीत. सरकीची ढेप: प्रथिनं चांगली, फॉस्फरसही भरपूर, पण तिच्यात गॉसिपॉल नावाचा घटक असतो आणि तो बोकडाच्या बीजाला बाधतो. आपला मुलूख कापसाचा, ढेप सहज मिळते, म्हणून सगळ्यांना तीच टाकली जाते. बकऱ्यांना मापात चालते. पैदाशीच्या बोकडाला मी देतच नाही, त्याच्यासाठी तूरचुनी आणि शेंगदाण्याची ढेप.

सुबाभळीचा पाला बकऱ्या आवडीने खातात आणि तो पौष्टिकही आहे. पण त्यातल्या मायमोसिन नावाच्या घटकामुळे, खूप दिवस फक्त तोच दिला तर केस गळतात आणि गळ्याची ग्रंथी सुजू शकते. एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको.

तिसरी पायरी: आधी जंत, मग क्षार

पोटात जंत असलेल्या बकरीला क्षार मिश्रण देणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं. बकरीच्या खालच्या पापणीचं आतलं अस्तर बघा. लालसर-गुलाबी असेल तर ठीक. पांढुरकं पडलं असेल तर रक्त पिणारे जंत असण्याची शक्यता मोठी. लेंड्यांचा ताजा नमुना स्वच्छ डबीत घेऊन जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासायला द्या. शहराजवळ राहणाऱ्यांसाठी सेमिनरी हिल्सवरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १९५८ पासूनचं. रामटेक, मौदा, पारशिवनी या धानपट्ट्यातल्या लोकांनी यकृतातल्या चपट्या जंतांचीही तपासणी सांगून करून घ्यावी, पाणथळ जागेत ते जास्त.

हे काम क्षार मिश्रण सुरू करण्याआधीच उरका. काही जंतनाशकं, उदाहरणार्थ अल्बेंडाझोल, गाभणकाळाच्या पहिल्या दीड महिन्यात देऊ नयेत, गर्भाला धोका असतो. बकरी फळून गेली आणि मग तुम्हाला जंताची आठवण झाली, तर डॉक्टरांना फळल्याची तारीख सांगितल्याशिवाय औषध पाजू नका.

याच वेळी कमरेवर हात फिरवा. मणक्याची टोकं करवतीसारखी बोचत असतील तर बकरी फार उतरलेली आहे. हाताला काहीच लागत नसेल, नुसती चरबी, तर तीही नीट माजावर येत नाही. दाबल्यावर मणके कळावेत पण बोचू नयेत, अशी बकरी पैदाशीला योग्य.

चौथी पायरी: मिश्रण निवडताना

पिशवी उलटी करून मागचा तक्ता वाचायचा. बिनमिठाच्या चांगल्या क्षार मिश्रणात कॅल्शियम साधारण २० टक्के आणि फॉस्फरस साधारण १२ टक्के असतो. त्याखाली मॅग्नेशियम, जस्त, तांबं, मँगनीज, लोह, आयोडीन, कोबाल्ट ही नावं असलीच पाहिजेत. नुसतं कॅल्शियम-फॉस्फरस लिहिलं असेल तर ते क्षार मिश्रण नव्हे, कॅल्शियमची पावडर आहे.

गाई-म्हशींसाठीचं मिश्रण बकरीला चालतं. मेंढ्यांसाठी वेगळं बनवलेलं मिश्रण बकरीला पुरत नाही, कारण त्यात तांबं मुद्दाम कमी ठेवतात किंवा नसतंच. मेंढीला तांबं लवकर विषारी ठरतं, बकरीला मात्र मेंढीपेक्षा जास्त लागतं. तुमच्याकडे दोन्ही जनावरं एकाच कोठ्यात असतील तर गव्हाणी वेगळ्या करा.

सुटं मिश्रण घेऊ नका. आम्ही एकदा स्वस्त म्हणून पोत्यातलं सुटं घेतलं होतं. रंग करडा, वास मातीचा, आणि बकऱ्यांनी तोंड लावलं नाही. त्यात काय होतं हे आजही सांगता येणार नाही. खताच्या दर्जाचं फॉस्फेट तर चुकूनही वापरू नका, त्यात फ्लोरिन जास्त असतं आणि दातांची, हाडांची वाट लागते.

चिलेटेड मिश्रण (खनिजं सेंद्रिय घटकाला बांधलेलं) महाग असतं, त्यातली खनिजं अंगात जास्त चांगली लागतात असं सांगतात. माझं मत असं, की पैसे मोजके असतील तर साधं मिश्रण रोज, वर्षभर द्या. महागडं मिश्रण पंधरा दिवस देऊन बंद करण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

आणि पिशवी टिनाच्या शेडमध्ये ठेवू नका. मिश्रणात जीवनसत्त्वं मिसळलेली असतील तर मेच्या गरमीत ती महिन्या-दोन महिन्यांत उतरतात. घरात, सावलीला, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि लागेल तेवढंच आणा. १० बकऱ्यांना रोज १० ग्रॅमप्रमाणे महिन्याला ३ किलो लागतं, मोठं पोतं आणायचं कारण नाही.

पाचवी पायरी: मोजून द्या

मुठीने दिलेलं मिश्रण हा सगळ्यात मोठा घोळ. तीस-पस्तीस किलोच्या बकरीला रोज १० ग्रॅम, मोठ्या बोकडाला आणि दूध देणाऱ्या बकरीला १५ ग्रॅम, तीन महिन्यांवरच्या पिल्लांना ५ ग्रॅम. पिशवीवर वेगळं प्रमाण लिहिलं असेल तर ते पाळा. मी किराणा दुकानात जाऊन खोकल्याच्या औषधाच्या झाकणात मिश्रण भरलं, डिजिटल काट्यावर १० ग्रॅम कुठे येतं ते बघितलं आणि तिथे नेलपॉलिशने रेघ मारली. ते झाकण गेली तीन वर्षं डब्यातच असतं. मिश्रण बदललं की पुन्हा मोजावं लागतं, कारण प्रत्येकाचं वजन सारखं नसतं.

कोरड्या खुराकात टाकलं तर बकरी दाणे उचलते आणि पावडर गव्हाणीच्या तळाशी राहते. म्हणून भरड्यावर पाण्याचा हबका मारायचा, हाताने चोळायचं, दाण्याला पावडर चिकटली की मग द्यायचं. थोड्या गुळाच्या पाण्याने सवय लवकर लागते. पहिले तीन दिवस ३ ग्रॅम, मग ५, आठवड्याने पूर्ण माप. उन्हाळ्यात खुराक सकाळी सहाच्या आत आणि दिवस मावळल्यावर, दुपारी बकरी धापा टाकत असते, खात नाही.

कोठ्यात एखादी दांडगी बकरी असतेच. आमची एक काळी बकरी आपलं संपवून दोघींच्या घमेल्यात शिरायची. खुराकाच्या वीस मिनिटांपुरती तिला वेगळी बांधायला लागलो तेव्हा कळलं, की बाजूच्या दोघी पहिल्यांदाच पूर्ण घमेलं खातायत.

चाटण विटेबद्दल नेहमी विचारतात. वीट टांगा, जरूर टांगा, बकरीच्या तोंडाच्या उंचीवर, पाऊस लागणार नाही अशी. पण बऱ्याच विटांमध्ये मुख्य भाग मिठाचा असतो, आणि कोणती बकरी किती चाटते हे कळत नाही. वीट ही खुराकातल्या मापाच्या जोडीला आहे, त्याच्या जागी नाही.

मीठ, आणि आमचा पहिला हिवाळा

इथे मी जरा थांबणार आहे, कारण ही चूक मी केली आहे.

पहिल्या वर्षी आमच्या बकऱ्या फेब्रुवारीत व्यायच्या होत्या. हिवाळ्यात भाजी बाजारातून पत्ताकोबीचा पाला फुकट मिळत होता. रोज दोन पोती आणायचो. मीठही द्यायचो, पण जाडं, सुटं, जनावरांचं म्हणून मिळतं ते. क्षार मिश्रण तेव्हा सुरू नव्हतं. पहिल्या बकरीला दोन पिल्लं झाली. एक मेलेलं, अंगावर केस जवळपास नव्हतेच, कातडी गुलाबी आणि ओली. दुसरं जिवंत होतं पण मान वर धरत नव्हतं. त्याला पुसताना माझ्या बोटांना गळ्याखाली, जबड्याच्या मागे, दोन्ही बाजूंना गाठी लागल्या, भिजवलेल्या सुपारीएवढ्या. मला वाटलं बाळंतपणात दुखावलं असेल.

डॉक्टरसाहेबांनी गळा चाचपला आणि पहिला प्रश्न विचारला, "काय चारता?" पत्ताकोबी म्हटल्यावर दुसरा, "मीठ कोणतं?" आयोडीनची कमतरता. कोबीवर्गातल्या भाज्या गळ्याच्या ग्रंथीला आयोडीन वापरू देत नाहीत, आणि आमच्या मिठात आयोडीन नव्हतंच. आईच्या अंगात नसेल तर पिल्लाला कुठून मिळणार? त्यांनी सांगितल्याप्रमाणे औषध केलं, राहिलेल्या बकऱ्यांचा कोबी त्याच दिवशी बंद केला. ते पिल्लू जगलं, गाठी महिनाभरात उतरल्या. मेलेलं मात्र परत येणार नव्हतं.

तेव्हापासून कोठ्यात आपल्या स्वयंपाकघरातलंच आयोडीनयुक्त मीठ. बकरीमागे रोज ५ ते १० ग्रॅम, खुराकात, मिश्रणात आधीच मीठ असेल तर त्या हिशेबाने कमी. किलोमागे थोडे पैसे जास्त जातात, जाऊ द्या. आणि पत्ताकोबी, फुलकोबीचा पाला गाभण बकरीला कधीतरी मूठभर, त्याहून जास्त नाही.

सहावी पायरी: जीवनसत्त्वं

यात खरी काळजी अ ची. ब गटातली जीवनसत्त्वं बकरीच्या पोटातले जिवाणू स्वतः बनवतात. फक्त ब-१२ साठी त्यांना कोबाल्ट लागतं आणि ते क्षार मिश्रणात असतं. ड सकाळच्या उन्हातून मिळतं. बकऱ्या चोवीस तास शेडमध्ये असतील तर सकाळी तासभर तरी मोकळ्या अंगणात सोडा.

अ मात्र हिरव्या चाऱ्यातूनच यायचं. यकृतात त्याचा साठा असतो, काही महिने पुरतो, पण लांबलेल्या उन्हाळ्यात संपतो. मग बकरी माजावर येत नाही, आली तर राहत नाही, राहिली तर गाभडते किंवा अशक्त पिल्लू देते. संध्याकाळी अंधारात बकरी गव्हाणीला, दाराला धडकत असेल तर रातांधळेपणा समजा, कमतरता बरीच पुढे गेलेली आहे. बोकडाचं बीजही खालावतं.

सगळ्यात स्वस्त उपाय शेवगा. विहिरीच्या किंवा बोअरच्या कडेला दहा-पंधरा झाडं लावा आणि एप्रिल-मेमध्ये पाल्यासाठी छाटा. बकरीमागे रोज अर्धा किलो पाला मिळाला तरी पुष्कळ. सोबत हादगा, लसूणघास जे जगेल ते. अझोला बकऱ्यांना आवडतो, पण नागपूरच्या मेमध्ये उघड्या वाफ्यातला अझोला करपतो. दाट सावली आणि रोज ताजं पाणी देता येत असेल तरच त्याच्या भरवशावर राहा.

पाला मिळतच नसेल तर अ, ड३ आणि ई असलेलं द्रव औषध पाजता येतं किंवा डॉक्टर इंजेक्शन देतात. लेबलवरच्या मापाच्या पुढे जायचं नाही. ही जीवनसत्त्वं चरबीत विरघळतात आणि अंगात साठतात, जास्तीची लघवीवाटे निघून जात नाहीत.

सातवी पायरी: जास्तीचा खुराक

नवतप्याच्या सुमारास, फळवण्याआधी तीन आठवडे, बकरीला रोज २०० ग्रॅम खुराक सुरू करा आणि हळूहळू ३०० पर्यंत न्या. फळल्यावरही दोन-तीन आठवडे चालू ठेवा, लगेच तोडू नका, गर्भ रुजण्याचे ते दिवस असतात. दोन-दोन पिल्लं यायला याचा उपयोग होतो, आणि उतरलेल्या बकरीला सर्वात जास्त. आधीच लठ्ठ असलेल्या बकरीला हे देऊ नका.

बोकडासाठी वेगळं

त्याला जस्त महत्त्वाचं: खुरं, कातडी आणि बीज, तिन्हींसाठी. ते क्षार मिश्रणातून मिळतं. धोका असतो मूतखड्याचा. कोंडा आणि दाणा खूप, कॅल्शियम कमी, पाणी कमी, अशा बोकडाला खडे होतात. खाण्यात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट असावं, म्हणून कोंडा कमी करा, शेंगवर्गी कुटार आणि पाला वाढवा, मीठ द्या म्हणजे पाणी पिईल. बोकड पाठ वाकवून कुंथतोय, थेंब थेंब लघवी येतेय, पोटाला लाथा मारतोय असं दिसलं तर त्याच तासाला डॉक्टर. घरगुती काढ्यात वेळ घालवू नका, मूत्राशय फुटतं.

आठवी पायरी: शेवटचे पन्नास दिवस

आमच्या गणिताने सप्टेंबरच्या शेवटी हा काळ लागतो. गर्भाची बहुतेक वाढ याच दिवसांत होते, आणि पिल्लांनी पोट भरल्यामुळे बकरीला चारा कमी मावतो. क्षार १० वरून १५ ग्रॅम, खुराक ३०० ग्रॅम, दोन-तीन वेळा वाटून. जुळं असलेली बकरी अचानक खाणं सोडून कोपऱ्यात उभी राहिली, श्वासाला गोडसर वास आला तर ती ताकद संपल्याची खूण आहे, लगेच डॉक्टर बोलवा.

सेलेनियम आणि ई जीवनसत्त्वाचं इंजेक्शन व्यायच्या चार-सहा आठवडे आधी द्यायचं का, हे डॉक्टरांना विचारा. जार अडकणं, पिल्लांचे स्नायू अशक्त असणं यात त्याचा उपयोग असतो. स्वतः टोचू नका, सेलेनियमचं योग्य माप आणि विषारी माप यांत फार अंतर नाही. तांब्याचंही तसंच. काळ्या बकरीचे केस तांबूस पडायला लागले किंवा पिल्लांचे मागचे पाय लटपटायला लागले तर तांबं कमी असू शकतं, पण म्हणून घरचं मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) पाण्यात कालवून पाजणं जिवावर बेततं. आंत्रविषाराची लसही याच काळात, व्यायच्या तीन-चार आठवडे आधी.

व्यायल्यावर

पिल्लू पुसताना गळ्याखाली दोन बोटं फिरवा, अंगावरचे केस बघा, मागच्या पायांवर नीट उभं राहतंय का बघा. अर्ध्या-एक तासात ते चीक प्यायला लागलं पाहिजे. वजन करा. मग वहीत बकरीचा नंबर, फळल्याची तारीख, व्यायल्याची तारीख, पिल्लं किती, वजन किती, जार कधी पडली, एवढं लिहा. बकरीचं क्षार मिश्रण दूध असेपर्यंत १५ ग्रॅमवर ठेवा, आटल्यावर पुन्हा १० वर आणा, बंद करू नका. पुढच्या एप्रिलमध्ये ही वही काढून बघा, कोणत्या बकरीकडे आधी लक्ष द्यायचं ते तिच्यात लिहिलेलं असेल.